गणपूर्तीची सहल

आमच्या सोसायटीची एक वार्षिक सभा घाटात, चालत्या मेटॅडोरमध्ये भरली होती असं मी सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "खरंच?" खरंच. त्या सभेच्या नोटिशी माझ्याच हातच्या होत्या, कार्बन घालून लिहिलेल्या, तेव्हा मी काही ऐकीव सांगत नाही. फक्त दरवेळी मी सभेपाशीच थांबते. लोक तिथं पोटभर हसून घेतात, कुणीतरी चहा आणतं आणि पुढचं सांगायचं राहून जातं. आज ते राहू द्यायचं नाही असं ठरवून बसले आहे.

आम्ही वाशीला राहायला गेलो तेव्हा तिथं रस्ते भरपूर होते आणि माणसं थोडी. लालबागच्या एका खोलीतून आलेल्या आम्हाला दोन खोल्या, स्वतःची मोरी आणि खिडकीतून दिसणारं खाजण एवढं वैभव एकदम मिळालं, त्यामुळे पहिले काही महिने आम्ही घरात पाहुण्यासारखे हळू चालत असू. पहाटे पाचला पाणी यायचं आणि साडेसहाला जायचं. त्या दीड तासात वीस बिऱ्हाडांच्या बादल्या, पिंपं आणि कळश्या एकदम वाजायला लागत, खाली मोटर गुरगुरायची, आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडायचं, "खालच्यांनी नळ बंद करा रे!" खालचे अर्थातच करायचे नाहीत. मग आईच्या स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, चहाचं आधण, आणि साडेसहानंतर एकदम शांतता. कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईहून आमच्याकडे हलला तेव्हापासून वारा कुठून येतोय हे आम्हाला नाकानंच कळायचं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गोदीच्या कचेरीत कारकून होते. तिथं त्यांना कुणी काही विचारत नसे. त्यामुळे सोसायटीचं सचिवपद गळ्यात पडलं तेव्हा त्यांना ते हारासारखं वाटलं. ठराव, सूचक, अनुमोदक, तहकूब, गणपूर्ती हे शब्द ते असे उच्चारायचे की तोंडात पेढा आहे असं वाटावं. घरातही तेच चालायचं. "आज आमटीऐवजी पिठलं करावं. सूचक मी. अनुमोदन?" असं ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणायचे. "अनुमोदन गेलं चुलीत, आमटी झालीये," असं आई म्हणायची. मग ते मला हळूच सांगायचे, "ठराव फेटाळला," आणि मुकाट्यानं पानावर बसायचे.

आई कमी बोलायची. उन्हाळ्याची सुट्टी लागली की बिल्डिंगमधल्या बायका माहेरी जायच्या, कुणी रत्नागिरीला, कुणी साताऱ्याला, आणि परत येताना फणस, कुळीथ, कैऱ्या असं काहीबाही घेऊन यायच्या. आई कुठं जायची नाही. नव्या शेजारणीनं विचारलं, "तुमचं माहेर कुठलं हो?" तर आई सांगायची, "घाटावर होतं. आंबेशेत. धरणात गेलं." शेजारीण "अगं बाई!" म्हणायची आणि विषय गॅसच्या नंबरावर यायचा. आई नऊ वर्षांची असताना गाव उठलं, मामांनी तिला लालबागला आणलं, तिथूनच लग्न झालं. एवढंच आम्हाला माहीत होतं. जास्त कधी ती बोलली नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कधी विचारलं नाही. आता मला याची लाज वाटते. मला माझ्या नणंदेच्या जावेच्या माहेराची सगळी माहिती आहे, आणि आईच्या घराला खोल्या किती होत्या हे मला सोळा वर्षं ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी सोसायटीच्या सभेची पंचाईत झाली. नियम असा होता की अकरा सभासद हजर असल्याशिवाय सभा भरत नाही. रविवारी सकाळी अण्णा जिन्याखाली सतरंजी घालून, टेबलावर इतिवृत्ताची वही आणि पाण्याचा तांब्या ठेवून बसायचे आणि चार माणसं यायची. त्यातले एक पेपर वाचायला यायचे. असं दोन महिने चाललं. मग वरच्या कचेरीचं पत्र आलं की महिनाअखेरपर्यंत सभा झाली नाही तर समिती बरखास्त करून प्रशासक नेमू. अण्णांचं जेवण कमी झालं. प्रशासक येणार म्हणजे कुणीतरी जप्तीच घेऊन येणार असं त्यांना वाटत होतं. सोसायटीचे अध्यक्ष कर्णिक, जे कोर्टातून निवृत्त झाले होते आणि ज्यांना नियमांचं पुस्तक तोंडपाठ होतं, ते अण्णांना म्हणाले, "सावंत, माणसं सभेला येत नाहीत. पण फुकटात फिरायला नेलं तर येतील."

अण्णांच्या डोक्यात प्रकाश पडला तो असा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी गाडी करायची, घाट चढून धरणाच्या तळ्यांच्या मुलखात जायचं, आणि गाडीतच सभा उरकायची. चालत्या गाडीतून कोण पळून जाणार? मला बसवून त्यांनी नोटिशी लिहून घेतल्या. "सभेचे स्थळ: सहलीचे वाहन." त्या त्यांनी सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या बाजूला टाचल्या, कारण कायद्यानं नोटीस द्यावी लागते, ती वाचलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. आणि त्याच संध्याकाळी ते स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणाले, "येत्या रविवारी तुझ्या गावाकडं जाऊ. तळं बघून येऊ." आईनं स्टोव्हची किल्ली उघडून हवा सोडली. तो फुस्स करून विझला. मग तिनं विचारलं, "मला पण नेणार?" बाहेर येऊन अण्णा मला म्हणाले, "वंदे, सभेचं एवढ्यात आईला सांगू नको. तेवढंच चार दिवस ती खूश राहील." मी सांगितलं नाही. दहावीची परीक्षा झालेली मुलगी, काय बरोबर काय चूक हे कळायचं वय होतं माझं, आणि तरीही मी नोटिशीचे कागद दप्तरात लपवून ठेवले.

गाडी वाशीजवळच्या शिरवणे गावातल्या हसूरामची होती. आठवडाभर ती बाजारातून कांद्याच्या गोणी वाहायची आणि रविवारी हसूराम तिच्यात बाकडी बसवून माणसं वाहायचा. कितीही धुतली तरी बाकड्याखाली कांद्याची सालं सापडायचीच. निघतानाच त्यानं बजावलं, "सायब, सातला मना शिरवन्यान पोचायचा हाय. भाचीची हलद हाय." जागा कमी म्हणून अण्णांनी सभासदांना प्राधान्य दिलं होतं. अकरा सभासद, तीन बायका आणि मी. एकाही पुरुषाला शंका आली नाही की नेमके अकराच का. आईनं पहाटे तीनपासून पुऱ्या तळल्या होत्या. बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी, दहीभात, आणि डोक्याला तेल लावून, ठेवणीतलं हिरवं इरकल नेसून ती पुढच्या बाकावर खिडकीशी बसली होती. मला तिच्याकडे बघवेना.

खोपोलीपर्यंत सगळं साजरं झालं. गाण्याच्या भेंड्या झाल्या. उरणकडचे मुकादमकाका उकडलेल्या अंड्यांची पिशवी घेऊन आले होते, ते प्रत्येकाला एकेक वाटत होते आणि पाटणकरबाईंनी, ज्या शाळेत शिकवायच्या आणि आमच्या सोसायटीतल्या एकट्या बाईसभासद होत्या, आपण शाकाहारी म्हणून आपलं अंडं परत पिशवीत टाकलं. घाट सुरू झाला तसे अण्णा उठले, वरची दांडी धरली, आणि पिशवीतून इतिवृत्ताची वही काढली.

"सन्माननीय सभासदहो," ते म्हणाले.

गाडीत एकच कल्ला झाला. "ही काय चीटिंग आहे सावंत!" "मी खाली उतरतो, गाडी थांबवा!" मुकादमकाका म्हणाले, "अहो, अंडी खाऊ घातली मी तुमाला, आणि तुमी आमाला धरून सभेला आणलं?" कर्णिक उठले, त्यांनी कार्यक्रमपत्रिका उलटी करून सगळ्यांना नोटीस दाखवली आणि म्हणाले, "सभा कायदेशीर आहे. विषय पहिला, मोटर." मी चोरून आईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तिनं मानही वळवली नाही, आणि मला वाटलं, संपलं, आता ही जन्मात आमच्याशी बोलणार नाही.

पुढे जे झालं त्याचं मला आजही नवल वाटतं. पाच मिनिटांपूर्वी उतरून जायला निघालेली माणसं मोटरवरून अशी काही भिडली की बाहेर घाट आहे याचं कुणाला भान राहिलं नाही. उजव्या हाताला दरी उघडत होती, खाली बोगद्यातून आगगाडी बाहेर येत होती, कड्यांवर पांगाऱ्याची शेवटची फुलं राहिली होती. आत पहिला मजला आणि तिसरा मजला एकमेकांच्या टाक्या काढत होते. आपल्या माणसाला एकदा विषयपत्रिका हातात दिली की स्वर्गातून नेलं तरी तो वर बघणार नाही.

सगळ्यात कठीण वळणावर अध्यक्षांनाच ओकारी आली. गाडी थांबवली, कर्णिक कठड्याशी वाकले, आणि दोन उमाळ्यांच्या मधे त्यांनी मान वर करून विचारलं, "सावंत... आत किती?"

"दहा," अण्णा म्हणाले.

"गणपूर्ती गेली. सभा तहकूब. अर्ध्या तासानं... त्याच ठिकाणी," असं म्हणून ते पुन्हा वाकले.

हसूरामला यातलं काही कुणी सांगितलं नाही. सगळे आत बसल्यावर त्यानं गाडी हाणली ती थेट लोणावळ्याच्या हॉटेलापाशी. चहा आला, कर्णिकांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला, त्यांनी बशीत चहा ओतला आणि घड्याळ बघून ताडकन उठले. "स्थळ!" ते ओरडले. नियमात लिहिलं होतं, त्याच ठिकाणी. लोणावळ्याला भरवली तर उद्या कुणीही सभेला आव्हान देईल. झालं, अर्धा चहा टाकून आम्ही पुन्हा घाट उतरायला लागलो.

"काय इसरला काय कुनी?" हसूरामनं विचारलं.

"सभा," अण्णा म्हणाले.

"ती वर पन करता येल ना?"

"नाही, नाही. तिथंच करावी लागते."

हसूरामनं आरशातून आमच्याकडे एकदा बघून घेतलं आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी टाकली. त्या कठड्यापाशी, जिथं अध्यक्ष वाकले होते बरोब्बर तिथं, गाडी उभी करून आम्ही दोन विषय संपवले. पाटणकरबाईंनी नाकाला पदर लावून मत दिलं.

लोणावळा मागे टाकून गाडी तळ्यांच्या बाजूला वळली तोवर बारा वाजून गेले होते. रस्ता अरुंद, दोन्हीकडे करवंदीच्या जाळ्या, मधेच खाली निळं पाणी चमकायचं आणि डोंगर आड आला की दिसेनासं व्हायचं. पाणी दिसलं की आई पुढं झुकायची, गेलं की मागं टेकायची. आत चौथा विषय चालला होता, गच्चीवर पापड वाळत घालू द्यावेत की नाही. यावर मतदान झालं ते पाच विरुद्ध पाच. अण्णांनी हात पुन्हा मोजले. मग माणसं मोजली.

"मुकादम कुठायत?"

मुकादमकाका नव्हते. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या म्हणून गाडी थांबली होती, तेव्हा ते करवंदं घ्यायला उतरले होते, आणि पापडांच्या तावातावात ते कुणाला दिसलं नव्हतं. पुन्हा गाडी उलटी फिरली. दीडेक कोसावर एका आंब्याखाली ते पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन निवांत बसले होते. "मला वाटलं, तुमी सभा आटपून याल," ते म्हणाले. कर्णिकांनी त्याच आंब्याखाली गाडी उभी करायला लावली. सभा दुसऱ्यांदा मोडली होती, आणि नियम असा की तिसऱ्यांदा मोडली तर रद्द. रद्द म्हणजे प्रशासक. अर्धा तास थांबायचं, पापड पुढच्या सभेवर टाकायचे, मग उरलेले तीन विषय.

आम्ही पुऱ्या खाल्ल्या. त्या फार चविष्ट झाल्या होत्या आणि मी माझ्या वाटच्या मुकादमकाकांना देऊन टाकल्या. हसूराम अण्णांपाशी आला. "सायब, तीन वाजलं. हितून तलं धा मिन्टांव हाय. पन सभा करून तलं बघाल तर मना हलद गावनार नाय. दोनातला येक करा."

अण्णांनी आईकडे बघितलं नाही. त्यांनी वही उघडली आणि म्हणाले, "विषय पाचवा."

तेव्हा आईनं हात वर केला. शाळेतल्या मुलीनं करावा तसा सरळ.

"वहिनी, माफ करा," कर्णिक म्हणाले. ते वाईट नव्हते, फक्त त्यांना पुस्तकाबाहेर काही दिसत नसे. "फ्लॅट सावंतांच्या नावावर आहे. सभासद नसलेल्यांना सभेत बोलता येत नाही."

"माझा वेळ मी त्यांना देते," पाटणकरबाई म्हणाल्या.

"वेळ हस्तांतरणीय नाही."

"मला बोलायचं नाहीचे," आई म्हणाली. "मला उतरायचंय. दीड तास नळ येतो म्हणून सकाळपासून भांडताय सगळे. माझं अख्खं गाव घालून पाणी साठवलंय ते तिथं पलीकडं आहे. मी बघून येते. चालू द्या तुमचं."

असं म्हणून ती उतरली आणि रस्त्यानं चालायला लागली. इरकलाचा पदर डोक्यावर, पायात साधी चप्पल, वैशाखातलं तीन वाजताचं ऊन. मी उठले तसे कर्णिक म्हणाले, "मुलगी गेली तर हरकत नाही, ती गणपूर्तीत नाही." मी पळत जाऊन आईला गाठलं. मला राहवेना. "आई, मला माहीत होतं," मी म्हटलं. "नोटिशी मीच लिहिल्या."

"चार दिवस तुझी बोटं निळी होती," आई म्हणाली. "आणि दप्तर कोण धुतं घरात?"

"मग आलीस कशाला?"

"म्हटलं, करू दे यांना सभा. तळं काय कुठं जात नाही, जाताजाता दाखवतील."

मला रडू आलं. आई म्हणाली, "सरळ बघून चाल, खड्डे आहेत."

मागून गाडीचा आवाज आला. कुणी सांगितलं नसताना हसूराम गाडी आमच्या मागोमाग चालवत होता, माणसाच्या चालीनं, पहिल्या गिअरमध्ये. खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे सभा आम्हाला स्पष्ट ऐकू येत होती. "थांबवा! स्थळ बदलतंय!" कर्णिक किंचाळत होते.

"सायब, नोटिशीवर तुमीच लिवलाय, सभा गारीत हाय," हसूराम म्हणाला. "गारी तीच हाय. रस्त्याचा काय लिवलेला नाय."

कोर्टात तीस वर्षं काढलेल्या माणसाला कांद्याच्या गाडीवाल्यानं गप्प केलं होतं. याचाच अर्थ सकाळी घाट पुन्हा उतरायची काही गरज नव्हती, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं असावं, कारण पाटणकरबाई मोठमोठ्यानं हसायला लागल्या. अशी आमची वरात निघाली. पुढं मी आणि आई, मागं गुरगुरणारी गाडी, गाडीत कुंपणाच्या भिंतीवर चर्चा, आणि रस्त्याकडेला गुरं थांबवून आमच्याकडे बघत उभी असलेली एक म्हातारी. तिनं आईला विचारलं, "कुनाची मिरवनूक गं?" आई म्हणाली, "सोसायटीची."

मग गाडीचं दार खडखडलं. मी वळून पाहिलं. अण्णांचा एक पाय पायरीवर होता आणि दुसरा हवेत.

"सावंत!" कर्णिकांचा आवाज फाटला. "तुम्ही उतरलात तर दहा! ही तिसरी वेळ! सभा रद्द होईल!"

"होऊ द्या," अण्णा म्हणाले. "नोंद करा, सचिव उतरले."

"नोंद कोण करणार? सचिव तुम्हीच!"

अण्णांना हे सुचलं नव्हतं. ते पायरीवर क्षणभर तसेच लोंबकळले. मग त्यांनी वही मागं पाटणकरबाईंच्या मांडीवर टाकली आणि उडी मारली. चालत्या गाडीतून उतरायची सवय नव्हती, त्यामुळे चार पावलं ते तिरकेच धावले. पुढं प्रशासक आला तो अगदी मवाळ गृहस्थ निघाला, त्यानं पहिल्याच आठवड्यात पापडांना परवानगी दिली. पण उडी मारताना अण्णांना ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं त्यांच्या आयुष्यातला एकमेव मान त्या पायरीवर राहिला होता, आणि तो राहू देऊन ते आले होते, हे मला आज त्यांच्यापेक्षा म्हातारी झाल्यावर नीट कळतं.

ते आईच्या बाजूनं चालू लागले. पॅंटवरची धूळ झटकत म्हणाले, "किती लांब असेल?"

"विचारलंत कधी?" आई म्हणाली.

वळण संपलं आणि तळं समोर आलं. चारी बाजूंनी डोंगर, मधे एवढं पाणी की पलीकडचा काठ उन्हात थरथरत होता. गाडी थांबली, सगळे उतरले. कर्णिक उतरले नाहीत, त्यांना अजून आशा होती. पाणी उन्हाळ्यानं बरंच खाली गेलं होतं आणि भेगाळलेल्या गाळात एक मोठा, पाठ वाकलेला काळा खडक उघडा पडला होता. आई त्या खडकाकडे सरळ चालत गेली, त्याच्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "हा आमच्या परसातला. आई याच्यावर मिरच्या वाळत घालायची."

तिथून पुढं काही नव्हतं. पाणी होतं नुसतं. बिल्डिंगमधली माणसं ओळीनं उभी राहून त्या पाण्याकडे अदबीनं बघत होती. मुकादमकाकांनी टोपी काढली, मग अशा वेळी काढतात की घालतात हे न सुचून पुन्हा घातली. हसूराम आईजवळ आला. "वैनी, आमचा पन असाच हाय," तो म्हणाला. "तुमची मोरी हाय ना बिल्डिंगीन, तितं आमचा भाताचा खाचर व्हता, नव्या शहरान गेला. मी कांदं उतरवाया येतो तवा वर बगतो." आई त्याच्याकडे बघत राहिली. आठ वर्षं आम्ही त्या मोरीत आंघोळी केल्या होत्या. "कधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली. "इचारला कुनी?" हसूराम म्हणाला आणि दोघंही हसले.

अण्णांनी हे ऐकलं. ते खाली बसले, बूट काढले, मोजे काढून बुटात घातले, सहलीची पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली. अण्णांना पोहता येत नव्हतं. मोरीत डोळ्यांत साबण गेला तर हाका मारणारा माणूस. ते पाण्यात शिरले.

"घर इथं?" त्यांनी विचारलं.

"अजून खाली," आई काठावरून म्हणाली.

"इथं?"

"अजून."

पाणी पॅंटच्या दुमडीवर गेलं, मग मांडीवर. "सायब, पुडं चिखल हाय," हसूराम म्हणाला आणि तोही लुंगी खोचून त्यांच्या मागं चार हातांवर उतरला. वर रस्त्यावर कर्णिक हॉर्न वाजवत होते. अण्णा कमरेइतक्या पाण्यात थांबले, वळले, आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "इथं?"

"अहो, थांबा, थांबा!" आई एकदम ओरडली. इतक्या मोठ्या आवाजात मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "तो गोठा आहे!"

अण्णा जागच्या जागी थिजले. त्यांनी खाली पाण्यात बघितलं आणि एक पाय हळूच उचलला, जणू शेणात पडला होता.

"गोठ्यातनं काय येताय घरात?" आई म्हणाली. तिचे गाल तापले होते, पदर खांद्यावर पडला होता. "जावई ना तुम्ही? पहिल्यांदा येताय. पुढच्या दारानं या."

माझे वडील वळले. आले तसे सगळं पाणी तुडवत काठावर परत आले, पॅंटमधून धारा गळत होत्या, आणि आईपुढं उभे राहून त्यांनी विचारलं, "कुठून?"

"डावीकडनं. त्या दगडांपासनं वळा. तिथं बांध होता."

ते दगडांपाशी गेले आणि वळले. आम्ही सगळे बघत होतो, मुकादमकाका, पाटणकरबाई, मोटरवरून भांडणारे दोन्ही मजले. वरचा हॉर्नही थांबला होता. अण्णा पुन्हा पाण्यात शिरले, या वेळी सावकाश, कुणाच्या घरी जाताना माणूस जातो तसे, एका हातानं केस सारखे करत.

"आता अंगण," आई म्हणाली. "सरळ या. मधे तुळस आहे, तिला वळसा घाला."

त्यांनी वळसा घातला.

"पायरी आहे. आता उंबरा, पाय उचला."

त्यांनी पाण्यातून पाय उंच उचलला आणि पलीकडे ठेवला.

"चौकट ठेंगणी आहे आमची," आई म्हणाली. तिचा आवाज आता अगदी बारीक झाला होता, पण तळ्यावर तो सगळ्यांना ऐकू गेला. "डोकं सांभाळा."

आणि कमरेइतक्या पाण्यात, मोकळ्या आभाळाखाली, अण्णा वाकून आत गेले.